गाडीतून उतरण्याचं कारण

"भाची व्हती म्हनं संगं. आन् आभाळ गडगडत व्हतं."

मागच्या पडवीत भाकरी थापणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी हे म्हटलं. दुसरीनं नुसतं 'हूं' केलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. मी दाराच्या अलीकडे पाण्याची कळशी घेऊन उभी होते. आत जावं की मागं फिरावं ते ठरेना. तेवढ्यात तिसरी म्हणाली, "पोरगी बोलत बी नाय काय. रडली बी नाय." मग त्यांना माझी सावली दिसली असावी, कारण बोलणं एकदम पिठातल्या मिठावर गेलं.

तो तुमच्या दहाव्याचा दिवस होता, मामा. नदीवर गेलेली माणसं अजून परतायची होती. कावळा लगेच शिवला असं नंतर कळलं आणि त्यावरही चर्चा झाली. "मास्तरांची इच्छा म्हणून काही मागं राहिली नाय," असं सगळ्यांनी ठरवलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भूक लागली असेल त्याला. अकरा वाजून गेले."

मी बोलत नाही हे त्या बायकांचं खरं आहे. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपलेले असायचे, म्हणून हळू बोलायची सवय लागली. इंग्रजी शाळेत मराठी निघालं तर वर्गाबाहेर उभं करायचे, म्हणून तिथं गप्पच बसायची. सुट्टीत तुमच्याकडे आले की गल्लीतली मुलं म्हणायची, हिला मराठी येत नाही. मी तेही खोडून काढायची नाही. तुम्ही मात्र मला 'मॅडम' म्हणायचात. "काय मॅडम, तुमच्या शाळेत वीज इंग्रजीत पडते का मराठीत?" मी फक्त हसायची आणि तुम्हाला तेवढं पुरायचं.

आता तेवढं कुणालाच पुरत नाही. सगळ्यांना माझ्याकडून एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. मास्तर गाडीतून उतरले कशाला?

हवालदारांनी विचारलं, ते त्यांचं कामच होतं. मामीनं विचारलं ते वेगळ्या तऱ्हेनं. माझ्या केसांना तेल लावता लावता, मला तिचं तोंड दिसणार नाही अशी बसून. "गाडीत काही बोलणं झालं होतं का गं तुमचं? रागानं उतरले का?" मामीचे भाऊ जनार्दनमामा यांनी विचारलं, "कुणाचा फोन आल्ता का?" गावातल्यांचा संशय आणखी वेगळा. वीज पडली म्हणता, मग अंगावर एक डाग कसा नाही? फाटली ती बाभूळ, आणि मास्तर तर पार इकडं पडले होते. एक म्हातारे गृहस्थ तुमच्या तळपायांकडं बराच वेळ वाकून बघत होते. त्यांना काय सापडायला हवं होतं कुणास ठाऊक. जे सापडलं नाही त्यावर त्यांनी मान हलवली आणि ती मान हलवणं संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

मी प्रत्येकाला एकच सांगितलं. पुलावरचं पाणी बघायला उतरले.

हे खोटं नाही. तुम्ही तेच म्हणाला होतात.

पण पूल समोर होता, मामा. तुम्ही मागे चालत गेलात.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच आधी सांगते आहे, कारण यातला खरा संशय तुमच्यावर आहे.

त्या दिवशी तुम्ही मला शहरात सोडायला निघाला होतात. सिल्लोडहून निघताना ऊन होतं. मोठ्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागलेली, मका घेऊन निघालेले, म्हणून तुम्ही आतल्या रस्त्यानं गाडी घातलीत. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. पश्चिमेकडून ढग आला तेव्हा तो पांढरा कापूस अचानक जास्त पांढरा दिसायला लागला आणि तुम्ही म्हणालात, "हा उशिरा आलेला पाहुणा जेवल्याशिवाय जायचा नाही." ओढ्यावरचा फरशीपूल दिसला, पण पाणी त्याच्यावरून वाहत होतं. तुम्ही अलीकडेच गाडी उभी केलीत.

मग चमकलं. तुम्ही सवयीप्रमाणे माझ्याकडे न बघता बोट वर केलंत. मी मनातल्या मनात मोजायला लागले. आवाज आला.

"किती?"

"सहा."

"म्हणजे?"

"दोन किलोमीटर."

"शाबास."

पुढच्या वेळी तीन आले. तुम्ही 'शाबास' म्हणाला नाहीत. पट्टा सोडलात आणि म्हणालात, "मी जरा पुलावरचं पाणी बघून येतो. तू उतरू नको. काचा वर घे. दाराच्या पत्र्याला टेकू नको." डोक्यावर रुमाल टाकलात आणि गेलात. मी आरशातून तुम्हाला बघत होते. पाठमोरे. समोरच्या आरशातून माणूस दिसतो, म्हणजे तो मागे चाललेला असतो, हे मला तेव्हा लगेच कळलंसुद्धा नाही. तुम्ही बांधावरच्या बाभळीपासून लांब राहिलात, तेही मी पाहिलं. झाडाखाली जायचं नाही हे तुम्ही शंभर वेळा शिकवलेलं होतं. नुसते मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिलात, गाडीकडे पाठ करून, एखादा माणूस बसची वाट बघतो तसे.

पुढच्या वेळी मोजायला काही उरलं नाही. उजेड आणि आवाज एकच होते.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, "गडगडाट ऐकू आला म्हणजे समजायचं की आपण वाचलो. ज्याच्यावर येते त्याला आवाज कळत नाही." तेव्हा ते मला गंमतीचं वाटलं होतं. आता वाटतं, तो आवाज आपल्या दोघांचा होता आणि मी एकटीनं ऐकला.

मी धावत आले. तुमचा चेहरा झोपलेल्या माणसासारखा होता. रुमाल चिखलात पडला होता. मी तुमची छाती दाबायला लागले, तुम्ही शाळेच्या हॉलमध्ये उशीवर करून दाखवायचात तशी. दोन माणसं ट्रॅक्टरवरून उतरून आली आणि लांबूनच ओरडली, "हात लावू नको पोरी, अंगात करंट असतो!" विजेनं पडलेल्या माणसात वीज उरत नसते, त्याला बिनधास्त हात लावायचा, हे तुम्हीच सांगितलेलं. मी दाबत राहिले. ती माणसं जवळ आली तेव्हा त्यांनीच माझे हात धरून बाजूला केले. त्यांना माझा राग आला असावा. मी त्यांचं ऐकलं नव्हतं.

डाग का नाही, हेही मला माहीत आहे. कुणी नीट विचारलं असतं तर सांगितलं असतं. वीज बाभळीवर आली आणि मुळांतून ओल्या जमिनीत पसरली, पाण्यात दगड टाकल्यावर वर्तुळं जातात तशी. चालणाऱ्या माणसाचा एक पाय एका वर्तुळावर असतो, दुसरा दुसऱ्यावर. दोन्हींमधल्या फरकानं एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ती आधी मरतात. तुम्ही हे सांगताना वर्गात उकिडवे बसून पाय जुळवून दाखवायचात आणि मुलं हसायची, कारण तुमची विजार गुडघ्यात ताणायची. उघड्यावर सापडलात तर असं बसा, असं सांगायचात. मग त्या दिवशी का बसला नाहीत? मी बघते आहे म्हणून? की परत निघाला होतात?

हाच माझा त्रास आहे. तुम्हाला सगळं माहीत होतं.

गाडीवरून आपलं भांडण झालं होतं ते आठवतं? मी नववीत होते. मी म्हटलं, वादळात गाडी सुरक्षित असते कारण टायर रबराचे असतात. आमच्या टीचरनी सांगितलं होतं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "मॅडम, जी वीज दोन किलोमीटर हवा फोडत आली, तिला तुमच्या टायरचं चार बोटं रबर अडवणार? अडवतं ते टप. पत्रा. वीज बाहेरच्या बाहेर पत्र्यावरून जमिनीत जाते, आत बसलेल्याला कळत पण नाही. कापडी टपाची जीप असली तर टायर कितीही असू देत." मी मान हलवली, पण पटलं नव्हतं. टीचर इंग्रजीत बोलायच्या, तुम्ही मराठीत बोलायचात, आणि त्या वयात मला इंग्रजीतलं जास्त खरं वाटायचं. पुढे कॉलेजात वाचलं तेव्हा कळलं तुमचंच बरोबर. तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही मोठं नव्हतं, सांगू कधीतरी असं वाटायचं.

म्हणजे बघा. टपाचं ज्याला माहीत होतं, तोच माणूस टपाखालून उठून उघड्यावर गेला. आणि टायरवाली आत बसून वाचली.

मी लहानपणापासून बोलत नाही, पण बघते. ढग गडगडले की तुम्ही उठायचात. मी तुमच्याकडे असले की प्रत्येक वेळी. गोठ्याचं दार लावलं का बघतो. गच्चीवर मिरच्या राहिल्यात. मोटर बंद केली का ते बघून येतो. कारणं सगळी खरी असायची. मिरच्या खरंच असायच्या. पण मामी मिरच्या आणायला जवळ असायची तरी तुम्हीच जायचात, आणि मिरच्या आणून झाल्या तरी पलीकडच्या खोलीतच बसायचात. पाऊस नुसता असला, आवाज नसला, तर मात्र माझ्याशेजारी बसून भुईमूग सोलायचात. मी सहावी-सातवीत असताना हे माझ्या लक्षात आलं. मी कुणाला विचारलं नाही. उत्तर मला घरात ऐकून माहीत होतं.

मामा-भाच्यानं विजेत एका जागी थांबू नये. कंसानं आपटायला उचललेली पोरगी त्याच्या हातातून सुटून आभाळात गेली, तीच ही वीज. तेव्हापासून तिला मामा-भाचं एकत्र दिसलं की जुनं आठवतं, अशी आमच्याकडची समजूत. बाकीच्या घरांत हे फक्त भाच्यापुरतं असतं. आमच्यात भाचीलाही धरतात. मुलगा-मुलगी एकच, असं आमच्या घरात मानलं गेलेलं एवढं एकच ठिकाण.

तुम्ही वर्गात या गोष्टीची टिंगल करायचात, हेही मी पाहिलेलं आहे. एका मे महिन्यात तुम्ही सुट्टीतल्या मुलांना शेताच्या वाटेवर उभं केलं होतंत. बांधापासून विहिरीच्या पलीकडेपर्यंत लांब रांग, प्रत्येकाच्या हातात घरून आणलेलं ताट आणि चमचा. मला रांगेच्या टोकाशी एकटीला उभं केलंत. मी म्हटलं मला ताट द्या. तुम्ही म्हणालात, "तू फक्त ऐक. ते तुला जमतं." तुम्ही रुमाल खाली टाकलात, सगळ्यांनी एकाच क्षणी ताट वाजवलं, आणि मला सगळ्यांचा मिळून एक ठोका ऐकू आलाच नाही. जवळचं ताट आधी, मग त्यामागचं, मग त्यामागचं. खडाड करून सुरू झालं आणि घरंगळत लांब गेलं. "कळलं? वीज एकदाच कडाडते. पण ती लांबच्या लांब असते, तिचं जवळचं टोक आधी ऐकू येतं, लांबचं उशिरा. म्हणून गडगडाट. वर कुणी कंस नाही, कुणी पिंप ढकलत नाही." मुलं हसली. एका पोरानं विचारलं, "सर, मग मामा-भाच्याचं?" तुम्ही म्हणालात, "विजेला नातं कळत असतं तर तिनं आधी तुझ्यासारख्या पाहुण्याला गाठलं असतं, दर सुट्टीत मामाकडं येऊन बसतोस." ते पोरगं चार दिवस फुशारकी मारत हिंडत होतं.

म्हणून मला वाटायचं, दोघांपैकी कोणता तरी एक मामा खोटा आहे. ताटं वाजवणारा किंवा मिरच्या आणायला जाणारा.

दहाव्याला सलीम सर आले होते. तुमच्या शाळेत गणित शिकवतात ते. ते बराच वेळ पुरुषांत बसले, मग जाताना मला अंगणात गाठलं. "बेटा, तुम्हारे मामा बोलते थे मेरेकू, भाची सवाल नई करती, पर देखती सब." ते चप्पल घालता घालता थांबले. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही याचा अंदाज घेत असावेत. मीही त्यांचा तोच अंदाज घेत होते. मग म्हणाले, "एक बार पूछा मैं उनकू. सर, आप मानते क्या ये मामा-भांजे का? हंस दिये. बोले, सलीमभाई, मानता नहीं. टालता हूँ."

मानत नाही, टाळतो. हे वाक्य मी घरभर घेऊन फिरले. कुणासाठी टाळत होतात?

मग मी आईकडे बघायला लागले. तुम्ही गेल्यापासून ती तुमच्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. तुमची थोरली बहीण, तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलेली, आणि ती सगळ्यांना चहा देत फिरत होती. कुणी माझ्या गाडीत असण्याचा विषय काढला की तिला नेमकं आत काहीतरी आठवायचं. मला ते ओळखीचं वाटलं. असं कारण काढून उठायची पद्धत मी आधी पाहिली होती.

अकराव्या दिवशी दुपारी ती परातीत कणीक मळत होती. आम्ही दोघीच होतो. मी विचारलं नाही. नुसती समोर बसून राहिले. तिला माझं असं बसणं सहन होत नाही हे मला माहीत आहे.

"मीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली.

मी हलणारी परात धरून ठेवली.

"तू सहा महिन्यांची होतीस. याच घरी. त्यानं तुला मांडीवर घेतलं होतं अन् समोरच्या कडुलिंबावर पडली. मांडीवर तू, अन् खिडकीतून सगळा उजेड आत. मी त्याच्याकडून शपथ घेतली. माझी. म्हटलं, तुझं विज्ञान तुझ्या शाळेत. माझ्या पोरीपाशी विजेत बसायचं नाही. हसला. म्हणाला, ताई, तुझी शपथ म्हणजे काय पाठ्यपुस्तक आहे का, दरवर्षी बदलायला. बरं, नाही बसणार."

"आणि कधीच बसले नाहीत?"

"मी काय बघायला होते का?" असं म्हणून ती कणकेवर जोरात मूठ दाबायला लागली.

मला विश्वास ठेवायचा होता, मामा. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला लगेच शंका आली की पडवीतल्या बायकांचं बोलणं तिनंही ऐकलं असणार. भाचीमुळे गेले, यापेक्षा बहिणीच्या शपथेमुळे गेले, हे बरं. म्हणून ती माझ्यावरचं स्वतःवर ओढून घेत असेल. आई खोटं बोलते तेव्हा हातातली बांगडी फिरवते. तेव्हा तिचे दोन्ही हात कणकेत होते. मी कडुलिंबाचा बुंधा बघून आले. एका बाजूला वरपासून खालपर्यंत जुनी भेग आहे, साल तिच्या कडांवर दुमडून आलेली. ती विजेची असू शकते. नसूही शकते. तुम्ही असतात तर एका नजरेत सांगितलं असतंत.

तुम्हीच म्हणायचात की वीज वरून पडते हे अर्धंच खरं. ढगातून ती अडखळत, थांबत, वाट शोधत उतरते. ती जवळ आली की खालूनही, झाडातून, खांबातून, उभ्या माणसातून, तिला भेटायला एक बारीक धागा वर निघतो. दोन्ही मिळाले की मग उजेड. तो खालचा धागा कुणाला दिसत नाही, म्हणून सगळा दोष आभाळाला. मी त्या दिवसापासून हा खालचा धागा शोधते आहे. तो आईपाशी निघतो, तुमच्या हसून 'बरं' म्हणण्यापाशी निघतो, आणि कधी कधी मला वाटतं, माझ्यापाशीही. मी एवढी वर्षं सगळं बघितलं आणि विचारलं नाही, म्हणून तुम्हाला कारणं शोधत उठावं लागलं. हा दोष मी स्वतःला लावून घ्यायला तयार नाही. फक्त नोंदवते आहे. तुम्ही निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवायला शिकवलंत.

तुमच्यावर रागही आहे. शपथ मोडायची नव्हती तर मला सांगायचं होतं. मी चेष्टा केली नसती. मी म्हटलं असतं, मामा, तुम्ही मागच्या सीटवर बसा, आपण मध्ये पडदा लावू, आईला सांगू वेगवेगळ्या खोल्यांत होतो. तुम्ही हसला असतात. पण एवढं तुमच्याशी बोलायला मला अजून दहा वर्षं लागली असती, हेही खरं.

आणि तरी, ढग गडगडला की मी अजून मोजते. घाबरून नाही. लहानपणी आमच्या शाळेत कुणालाही विजेची भीती वाटली की टीचर खिडक्या लावून कविता म्हणायला लावायच्या. मला भीती वाटायची नाही, कारण मला आकडा काढता यायचा. भीतीला किलोमीटरमध्ये मोजता येतं हे तुम्ही मला दिलंत. त्यासाठी तुमचे आभार मानायचे कसे, ते मला मराठीतही येत नाही, इंग्रजीतही नाही.

म्हणून मी ठरवलं होतं की पुलाचंच सांगायचं. मागे चालत गेलात हे सांगितलं असतं, तर गावानं म्हटलं असतं, बघा, शेवटी विज्ञानाचा मास्तरही मानत होता. तुमची सगळी ताटं फुकट गेली असती. शपथेचं बाहेर आलं असतं आणि आईला या घराचं दार बंद झालं असतं. आणि मी जन्मभर ती भाची राहिले असते. पुलावरच्या पाण्यानं कुणाचं वाईट होत नव्हतं. फक्त मामीचं होत होतं. ती रात्री उठून बसते, असं तुमच्या ऋतुजानं मला सांगितलं. तुम्ही रागावून उतरलात आणि तो राग तिच्यावरचाच होता, असं तिनं मनाशी धरलंय. त्या सकाळी तुमचं दोघांचं डब्यावरून काहीतरी झालं होतं म्हणे. तेही मी ऐकून सोडून दिलं. मला बोलणं कठीण जातं आणि गप्प राहण्याची कारणं नेहमीच चांगली सापडतात.

मग तेरावा आला.

पंगती उठत आल्या होत्या. दुपारीच अंधारून आलं. मांडवाचं कापड फडफडायला लागलं तशी माणसं पात्रं हातात घेऊन घरात पळाली. पुढच्या खोलीत जागा मिळेल तिथं सगळे बसले. ऋतुजा जनार्दनमामांच्या खांद्याला टेकून बसली होती. तुमची लेक, आणि तिचे ते सख्खे मामा. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा कुणाला तरी टेकली होती. पाऊस आला. लांब कुठंतरी गडगडलं, आणि खोलीतलं बोलणं थांबलं. मी बघत होते. एकेक करून सगळ्यांच्या नजरा त्या दोघांवर गेल्या आणि मग माझ्यावर आल्या.

कोपऱ्यातल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "जनार्दना, ऊठ बाबा तिथून. भाची हाय शेजारी."

जनार्दनमामा ओशाळून हसले. "बसू द्या की मावशी. पोरगी आत्ता कुठं टेकलीय."

"एवढं घडलं तरी डोळं उघडंनात व्हय रं तुमचं? ऊठ म्हनते ना."

मामीनं ऋतुजाचा हात धरून तिला हळूच आपल्याकडं ओढलं. ऋतुजानं हात सोडवून घेतला नाही, पण ती मामांकडंच बघत राहिली. पुन्हा चमकलं. मी मोजलं, फार मोजावं लागलं नाही. जनार्दनमामा उठले. दारामागचं खताचं पोतं घेऊन त्यांनी डोक्यावर खोळ केली. बाहेर उघडं अंगण, त्यापलीकडे कडुलिंब, आणि त्याच्या पलीकडे गोठा. त्यांनी चपला शोधल्या. कुणाकडेच न बघता म्हणाले, "मी जरा गोठ्याकडं बघून येतो. बैलं बुजली असतील."

बैलं खरंच बुजली असतील. कारण खरंच होतं.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं ती मान हलवेल, नको म्हणून. तिनं हलवली नाही. जनार्दनमामांचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. मी उभी राहिले. एवढ्या माणसांत मी कधी उभी राहिले नव्हते, आणि माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

"जनार्दनमामा, बाहेर जाऊ नका, तिच्याजवळ बसा. माझे मामा पाणी बघायला उतरले नव्हते. माझ्यापासून लांब जायला उतरले होते."